सहीच्या आधीचे दोन प्रश्न

कुवेतमध्ये ‘सबाह अल-सालेम’ म्हटले की आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर वस्ती उभी राहते: ब्लॉक नंबर, जमिया, शुक्रवारी दुपारची सामसूम. पण त्याच नावाची आणखी एक जागा शदादियाला आहे, कुवेत विद्यापीठाचे सबाह अल-सालेम विद्यापीठनगर. दोन्हींना नाव एकाच अमिरांचे. शेख सबाह अल-सालेम १९६५ ते १९७७ या काळात अमीर होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत, २७ नोव्हेंबर १९६६ रोजी, कुवेत विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या वर्षी विद्यार्थी ४१८ आणि शिक्षक ३१. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजातही याहून जास्त गर्दी असते. पुढे खाल्दिया, कैफान, शुवैख, अदैलिया, जाब्रिया असे हे विद्यापीठ गावभर पांगले. सगळे एका जागी आणायचा कायदा २००४ चा, आणि महाविद्यालये शदादियाला हलू लागली ती २०१९ मध्ये.

इमारती सुंदर आहेत. पण माझी नजर इमारतीवर फार वेळ ठरत नाही, त्याला कारण आहे. मी पदार्थविज्ञान शिकवले हे खरे, पण नोकरीची निम्मी वर्षे तिकडे विद्यापीठाच्या खरेदी समितीत गेली. त्यामुळे नवी वर्गखोली दिसली की प्रश्न पडतो, आतला पडदा, आतला संगणक, हजेरीचे यंत्र कोणी निवडले आणि निवडताना काय विचारले?

खरेदी समिती म्हणजे काय हे तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. निविदा मागवायच्या, पाकिटे फोडायची, तुलनात्मक तक्ता करायचा. तक्त्यात रकाने असतात: किंमत, करांसह किंमत, हमीचा काळ, माल कधी मिळणार. सगळ्यात कमी किमतीवाल्याला आमच्या भाषेत ‘एल-वन’ म्हणत, आणि एल-वन सोडून दुसऱ्याला ऑर्डर द्यायची तर लेखापरीक्षकाला उत्तर देता देता पुरेवाट होई. या तक्त्यात दोन रकाने कधीच नसत. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्याचा हात चालत नाही तो माणूस ही वस्तू वापरणार कशी? आणि या यंत्रात विद्यार्थ्यांची जी माहिती भरली जाईल ती राहणार कुठे, पाहणार कोण? आज जगातली बरीच विद्यापीठे सही करण्यापूर्वी हे दोन प्रश्न विचारतात, त्यासाठी स्वतंत्र तपासणी करतात. हे रकाने तक्त्यात आले कसे, त्याचा हा थोडा इतिहास.

यंत्रे नव्हती तेव्हा पहिला प्रश्न माणसे सोडवत. कैरोच्या इजिप्शियन विद्यापीठाने १९१४ मध्ये आपली पहिली डॉक्टरेट दिली ती ताहा हुसेन यांना. ते लहानपणापासून अंध होते, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय अबुल अला अल-मआरी हा कवीही अंधच. हेच ताहा हुसेन १९५० मध्ये इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले. त्याच सुमाराला जन्मलेले आपले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले, आणि ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. दोघांचे साधन एकच, वाचून दाखवणारा आणि लिहून घेणारा माणूस. या साधनाला निविदा लागत नाही. दोष एवढाच की ते दुसऱ्याच्या सवडीवर चालते.

ब्रेलने ती सवडीची अडचण काही अंशी दूर केली, पण ब्रेलचेही आपल्याकडे बरेच घोळ होते. प्रत्येक प्रांताची, प्रत्येक मिशनरी शाळेची टिंबे निराळी. युनेस्कोने पुढाकार घेऊन १९५१ च्या फेब्रुवारीत बैरूतला बैठक भरवली. तिथे अरबी जग आणि भारत एकाच टेबलाशी बसले आणि त्याच वर्षी भारताने ‘भारती ब्रेल’ स्वीकारले. गंमत पाहा, अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण अरबी ब्रेल आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचतात. कुवेतमधला अंध विद्यार्थी आणि पुण्यातला अंध विद्यार्थी यांची बोटे एकाच दिशेने सरकतात. या देशात इतकी वर्षे राहून आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

मग संगणक आला. माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. ग्रंथालयात पूर्वी लाकडी खणांत तालिकापत्रे असत. इतिहासात एम. ए. करणारा एक अंध मुलगा काउंटरवर यायचा, आणि ग्रंथपालांचा मदतनीस त्याला पत्रे भराभर वाचून दाखवायचा. पुढे तालिका संगणकावर गेली आणि खण भंगारात निघाले. घेतलेली प्रणाली एल-वन होती. ती बोलत नव्हती. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर त्या मुलाने मित्राकडून मिळवून लावून पाहिले, तर ते फक्त ‘बटण, बटण, बटण’ एवढेच म्हणे. मदतनीसाचे पद तोवर रद्द झाले होते, संगणक आला ना! ग्रंथालय आधुनिक झाले आणि त्याच दिवशी एका विद्यार्थ्यासाठी बंद झाले. कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता. तक्त्यात रकानाच नव्हता.

भाषेचा अडसर तर निराळाच. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झाले, भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरले, त्यानंतर युनिकोड आले. तरीही आपले प्रकाशक आणि विद्यापीठे वर्षानुवर्षे जुन्या फॉन्टांना चिकटून राहिली. त्या फॉन्टांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या पोटात एखादे इंग्रजी अक्षरच असे. डोळसाला काही फरक पडत नाही. बोलणारे सॉफ्टवेअर मात्र पोटातले वाचते, आणि ऐकणाऱ्याच्या कानी पडते ती निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये एनव्हीडीए हा मोफत वाचक लिहायला घेतला. आज तो मराठीही वाचतो, पण मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच. आणि तरीही ‘जरा’ हा शब्द थोडेसे या अर्थाचा की म्हातारपण या अर्थाचा, हे त्याला कळत नाही. मला दोन्ही अर्थांनी लागू पडतो, ते सोडा.

अरबीची अवस्था याहून बिकट. तिथे ऱ्हस्व स्वर लिहितच नाहीत. क, त, ब ही तीन अक्षरे दिसली तर ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिले, की ‘कुतुब’ म्हणजे पुस्तके, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ताडायचे. यंत्राला ते शिकवण्याचे मोठे काम ज्या कंपनीने केले ती कुवेतचीच. मोहम्मद अल-शारेख यांनी १९८२ मध्ये उभारलेली ‘सख्र’. संगणकाला अरबी लिहायला, छापील अरबी ओळखायला आणि ती मोठ्याने वाचायला सख्रने शिकवले, आणि अंधांसाठी ‘इबसार’ नावाचे सॉफ्टवेअरही काढले. इबसार म्हणजे दृष्टी. परदेशी विक्रेता ‘आमचे उत्पादन सर्वांसाठी सुलभ आहे’ म्हणून सांगतो तेव्हा ते बहुधा इंग्रजीपुरते असते. कुवेतमध्ये पुढचा प्रश्न असा हवा: अरबीत वाचते का, उजवीकडून डावीकडे फिरते का?

रकाना कागदावर सक्तीने आला तो अमेरिकेत. तिथल्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०८ हे १९९८ मध्ये नव्याने घडवले गेले आणि २००१ पासून केंद्र सरकारच्या खात्यांना अपंगांना वापरता येईल असेच तंत्रज्ञान विकत घेणे भाग पडले. यातली मेख ध्यानात घ्या. सरकारने कंपन्यांना ‘असे बनवा’ म्हटले नाही. ‘तसे नसेल तर आम्ही घेणार नाही’ म्हटले. मोठे गिऱ्हाईक असे बोलले की कारखानदाराला लगेच ऐकू येते. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २००५ मध्ये आपल्या खरेदीला हाच नियम लावायला सुरुवात केली.

बाकीच्या विद्यापीठांना मात्र ठेच लागावी लागली. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने २००९ मध्ये पाठ्यपुस्तकांऐवजी किंडल डीएक्स हे यंत्र देण्याचा प्रयोग आखला. यंत्र पुस्तक मोठ्याने वाचत असे, पण पुस्तक निवडायची यादी मुकी होती. म्हणजे अंध विद्यार्थ्याने आधी डोळस माणूस शोधायचा, त्याने पुस्तक उघडून द्यायचे, मग यंत्र बोलणार. अंधांच्या दोन राष्ट्रीय संघटना न्यायालयात गेल्या आणि जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षाच्या जूनमध्ये तिथल्या न्याय आणि शिक्षण खात्यांनी मिळून सर्व विद्यापीठांना पत्र पाठवले की अंधांना वापरता येणार नाही असे वाचनयंत्र वर्गात सक्तीचे करू नका. पाठोपाठ पेन स्टेटची पाळी आली. तिथे तक्रार केवळ विद्यार्थ्यांची नव्हती. वर्गातले ‘स्मार्ट’ व्यासपीठ स्पर्शाच्या पडद्यावर चालणारे, त्यामुळे अंध प्राध्यापकालाच आपल्या वर्गातला प्रक्षेपक लावता येईना. २०११ च्या तडजोडीत विद्यापीठाने मान्य केलेल्या गोष्टींत खरेदीची पद्धत बदलणे हेही होते. त्या व्यासपीठाचा रुबाब मी डोळ्यांसमोर आणू शकतो. उद्घाटनाला कुलगुरूंनी बोट लावले असेल आणि टाळ्या पडल्या असतील.

आता दुसरा प्रश्न, माहितीच्या सुरक्षेचा. याचा धडा कुवेतइतक्या कठोरपणे फार थोड्या विद्यापीठांना मिळाला असेल. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा आल्या आणि पुढच्या सात महिन्यांत विद्यापीठाची ग्रंथालये, प्रयोगशाळांतली उपकरणे, संगणक बगदादकडे उचलून नेले गेले. सुरक्षा परिषदेने २ मार्च १९९१ च्या ठराव ६८६ मध्येच लुटलेली मालमत्ता परत करा असे बजावले. काही पुस्तके आणि नोंदी पुढच्या दशकांत परतही आल्या. राष्ट्रीय अभिलेखागाराचा मात्र मोठा भाग बेपत्ताच राहिला. यंत्र पैसे टाकून पुन्हा घेता येते, नोंद घेता येत नाही. हे आपल्या समाजाला मी काय सांगावे? एअर इंडियाने अम्मानहून सुमारे १,७०,००० भारतीयांना मायदेशी नेले. त्यांतल्या मराठी कुटुंबांपैकी काही जण आजही इथे दिवाळीच्या फराळाला भेटतात, आणि घर, गाडी, बँकेतले दिनार यांच्याआधी विषय निघतो तो कागदांचा: कोणाची पदवी पिशवीत घेतली होती, कोणाची कपाटात राहिली.

त्या वेळी चोरायला ट्रक लागले. आज लागत नाहीत. विद्यापीठे आता स्वतःचा संगणक बाळगत नाहीत, कंपनीची सेवा भाड्याने घेतात, आणि माहिती कुठल्या देशातल्या कुठल्या कोठीत आहे हे कुलसचिवांनाही ठाऊक नसते. ब्लॅकबॉड नावाची कंपनी अनेक विद्यापीठांच्या माजी विद्यार्थ्यांच्या याद्या सांभाळत असे. २०२० मध्ये तिच्याकडे चोरी झाली आणि तिने खंडणी दिली. ब्रिटन, अमेरिका, कॅनडातल्या विद्यापीठांना आपापल्या माजी विद्यार्थ्यांना माफीची पत्रे लिहावी लागली, चूक स्वतःच्या भिंतीआड झालेली नसताना. २०२३ च्या मेमध्ये मूव्हइट या फायली पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधले भोक चोरांना सापडले, आणि अमेरिकेतल्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस या एकाच संस्थेमार्फत सुमारे ९०० विद्यापीठ-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची माहिती उघडी पडली. आपली मुले तिकडे शिकतात. त्यांतल्या कोणी मूव्हइटचे नावही ऐकले नसेल.

विक्रेत्याला विचारायचे काय, हे प्रत्येक विद्यापीठाने स्वतः शोधण्यापेक्षा एक सामायिक प्रश्नावली करावी असे अमेरिकन विद्यापीठांच्या संस्थांनी ठरवले आणि २०१६ मध्ये ‘हेकव्हॅट’ निघाले. माहिती कुठे ठेवता, कोणाला दिसते, करार संपल्यावर पुसता का, चोरी झाली तर किती वेळात कळवता, असे शेकडो प्रश्न. मला त्यात विशेष वाटते ते हे की पुढच्या आवृत्त्यांत त्याच प्रश्नावलीत अपंगांच्या वापराचे प्रश्नही आले. दोन्ही रकाने एका तक्त्यात बसले.

ते एकत्र बसणे गरजेचे होते, कारण हे दोघे सख्खे भाऊ असून एकमेकांशी भांडतात. संकेतस्थळावर तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करायला वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावतात. चोर अडतो, अंधही अडतो. पीडीएफ कोणी नक्कल करू नये म्हणून कुलूपबंद करतात, तर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही बाहेर राहते. कोविडच्या काळात घरबसल्या परीक्षेवर पाळत ठेवणारी सॉफ्टवेअरे सर्रास घेतली गेली. संगणकावर दुसरे काहीही चालू नये ही त्यांची अट, आणि अंध विद्यार्थ्याचा आवाज म्हणजे नेमके ते ‘दुसरे काही’. भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले उदाहरण तर काळीज हलवणारे आहे. बँकेत ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणतात. ॲसिडहल्ल्यात ज्यांच्या पापण्याच गेल्या त्यांनी काय करायचे? ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ही पडताळणी सर्वांना जमेल अशी करा. सुरक्षा नको असे कोणीच म्हटले नव्हते. दुसरी वाट ठेवा एवढेच मागणे होते.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत हे रकाने कधी येणार? २०१७ चा मुंबई विद्यापीठाचा उन्हाळा आठवा. उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायच्या असे ठरले. कल्पना वाईट नव्हती. पण कंत्राट निश्चित झाले तोवर परीक्षा सुरू झाल्या होत्या. ४७७ परीक्षा, १७ लाखांवर उत्तरपत्रिका, प्राध्यापकांना सराव नाही, यंत्रणा अडखळणारी. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, ती हुकली. काही उत्तरपत्रिका सापडेनात. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, परदेशी प्रवेश मिळालेली मुले गुणपत्रिकेवाचून ताटकळली. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाच्या कुलगुरूंना २४ ऑक्टोबर रोजी पदावरून काढण्यात आले. माणूस गेला, चर्चा संपली. पण दृष्टी कमी असलेल्या परीक्षकाने ती उत्तरपत्रिका पडद्यावर कशी वाचायची होती, त्या स्कॅन केलेल्या पानांच्या प्रती कोणाकडे राहिल्या, हे प्रश्न त्या गदारोळातल्या बातम्यांत मला तरी दिसले नाहीत. उशीर सर्वांना दिसतो.

कायदे आता दोन्ही देशांत आहेत. कुवेतचा अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१० चा, आठव्या क्रमांकाचा. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क करारात कुवेत २०१३ मध्ये सामील झाले. संगणकीय गुन्ह्यांचा कायदा २०१५ चा आणि सरकारी निविदांचा जुना १९६४ चा कायदा जाऊन २०१६ मध्ये नवा आला. भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता सक्तीचे करा असे केंद्राला बजावले. कायदा खरेदीच्या टेबलापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचा एक तक्ता होतो: डावीकडे अट, उजवीकडे विक्रेत्याचे उत्तर.

आणि इथे मला या अंकाच्या वाचकांशी थेट बोलायचे आहे. हा तक्ता भरतो कोण? मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात दहा माणसांशी बोला, त्यांतले दोन-तीन जण आयटीत निघतात. विक्रेत्या कंपनीत बसून सरकारी निविदांची उत्तरे तयार करणारे, रात्री बारापर्यंत जागून अटींसमोर ‘पूर्णपणे मान्य’ लिहिणारे हात पुष्कळदा आपलेच असतात. किमतीच्या आणि हमीच्या अटी ते तपासून लिहितात. ‘अपंगांना वापरता येते का’ या ओळीपुढे मात्र मागच्या निविदेतले उत्तर उचलून चिकटवतात, कारण ते कोणी तपासत नाही असा अनुभव असतो.

तपासायला फार लागत नाही. माऊस बाजूला ठेवायचा आणि फक्त टॅबच्या कळीने पहिल्या पानापासून शेवटच्या बटणापर्यंत जाऊन पाहायचे. मग पडदा बंद करून एनव्हीडीए लावायचे आणि एक अर्ज ऐकून भरायचा, एकदा इंग्रजीत आणि एकदा अरबीत. शेवटी करारात पाहायचे की सेवा बंद केल्यावर विद्यार्थ्यांच्या नोंदी परत कशा मिळतात आणि कोणाच्या हाती. पाऊण तासाचे काम आहे. माझ्या भाचीने मागच्या महिन्यात आपल्या कंपनीच्या एका उत्पादनावर हे करून पाहिले. सातव्या टॅबला ते अडकले, तिने ‘पूर्णपणे मान्य’ खोडून ‘अंशतः’ लिहिले, आणि तिचा व्यवस्थापक अजून तिच्याशी नीट बोलत नाही.